बरणीतलं आमसूल, पुडीतलं आमसूल

शंकेखोर : वहिनी, आमसुलाशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नवीन पनवेलमध्ये राहायचं आणि आमसुलाला नावं ठेवायची, म्हणजे पुढच्या मे महिन्यात गावाहून येणाऱ्या पिशव्यांतला आपला वाटा बंद. माझं भांडण आहे ते त्या पुडीवरच्या मजकुराशी. 'कोकम हर्बल टी. वजन घटवा. साखर आटोक्यात ठेवा. यकृताची शुद्धी. शंभर टक्के नैसर्गिक, दुष्परिणाम शून्य.' हे सगळं एकाच पुडीवर. आता पहिले तीन दावे खरे असतील, तर चौथा खोटा ठरतो. जो पदार्थ अंगातली साखर खाली आणतो, तो मधुमेहाची गोळी घेणाऱ्या माणसाची साखर नको तेवढी खाली आणू शकतो. ज्याच्यात काम करायची ताकद, त्याच्यात बिघडवायचीही ताकद. आणि चौथा दावा खरा असेल, तर पहिले तीन गेले. मग ते नुसतं लाल आंबट पाणी आहे, प्या आणि खूश राहा. दोन्हीकडचं श्रेय एकट्यानं घ्यायचं, हे मला पटत नाही.

आस्थेवाईक : पुडीवरचं मी लिहिलेलं नाही, भाऊजी. पण पुडी वाईट म्हणून आतला जिन्नस वाईट, असं करू नका. आमसूल माझ्या आईच्या घरी कसं व्हायचं ते मी पाहिलंय. एप्रिल-मेमध्ये रातांबे उतरवायचे, पहिल्या पावसाच्या आत. ते फोडून सालं वेगळी, बिया आणि गर वेगळा. गराला मीठ लावून जो रस सुटतो तो आगळ. त्या रसात सालं बुडवायची, उन्हात टाकायची, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात. अशी चार-पाच पुटं दिली की साल काळी, मऊ आणि चिवट होते. बिया वाळवून त्यांचं मुटेल काढायचं, ते पावसाळ्यात टाचांच्या भेगांना. फळातलं काही म्हणून वाया जायचं नाही. आणि कुणाच्या अंगावर पित्त उठलं की बरणीतली चार आमसुलं पाण्यात कुस्करायची, ते पाणी अंगाला लावायचं, थोडं पोटात द्यायचं. डॉक्टर तालुक्याच्या गावी होता आणि दिवसाला एसटी एकच होती. तुम्ही ज्याला दावा म्हणता, त्याच्यावर आम्ही वाढलोय. कोकणातल्या हजारो घरांत, लहान पोरापासून बाळंतिणीपर्यंत, पिढ्यान् पिढ्या हे चाललंय. याच्यापेक्षा मोठी चाचणी कुठल्या प्रयोगशाळेत होणार?

शंकेखोर : चाचणी मोठी आहे, पण ती काय पकडते आणि काय सोडते ते बघायला हवं. खाल्ल्याबरोबर उलटी झाली, माणूस गळला, तर परंपरा ते पकडते. म्हणूनच कुठलं अळू खाजरं, कुठलं अळंबं विषारी, हे आपल्या आज्यांना पाठ होतं. पण जे वीस वर्षांनी उगवतं, किंवा हजारात एखाद्याला होतं, ते परंपरेच्या चाळणीतून खाली पडतं. मिश्रीचं उदाहरण घ्या. तव्यावर तंबाखू भाजायची, पूड करायची आणि सकाळी दाताला लावायची. महाराष्ट्रातल्या लाखो बायकांनी ती 'दातांना चांगली' म्हणून पिढ्यान् पिढ्या लावली. पिढ्या मोजायच्या तर मिश्रीच्याही मोजाव्या लागतील. तोंडाच्या कॅन्सरशी तिचं नातं कुणा आजीला दिसलं नाही. आजी बेसावध होती असं मी म्हणत नाही. एका घराच्या खिडकीतून तेवढं लांबचं दिसतच नाही.

आणि अंगावरच्या पित्ताबद्दल. त्या गांधीतली एक-एक गांध बहुतेक वेळा चोवीस तासांच्या आत आपोआप बसते. म्हणजे आमसूल लावा, गेरू लावा, नाहीतर नुसतं 'जा जा' म्हणत बसा, उद्या सकाळपर्यंत ती जाणारच. श्रेय त्या वेळी जे हातात होतं त्याला. कोकणात तर आणखी एक गोष्ट आहे. बर्फावर नीट न ठेवलेल्या बांगड्यात, कुप्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही. असा मासा खाल्ला की तास-अर्ध्या तासात तोंड लाल, अंगावर चट्टे, डोकं ठणकतं. आपण म्हणतो पित्त उठलं. काही तासांत ते ओसरतं. आमसूल तिथे साक्षीदार असतं, कर्ता नसतो.

आस्थेवाईक : साक्षीदार तर साक्षीदार. पण खाजेनं तळमळणाऱ्या पोराला रात्री दोन वाजता कुणीतरी हात लावलेला असतो, गार आंबट पाण्यानं पुसलेलं असतं. खाज थांबल्यासारखी वाटते. वाटणं म्हणजे काहीच नाही का?

शंकेखोर : वाटणं पुष्कळ आहे. माझी भीती उलट्या बाजूची आहे. त्याच पोराचे ओठ सुजले, आवाज बसला, श्वास लागला, तर तो वेगळा प्रकार असतो आणि तिथे मिनिटं मोजावी लागतात. चार वेळा आमसुलानं गेलं म्हणून पाचव्या वेळीही घरचे बरणी उघडून बसले, तर आमसुलानं काही केलं नाही, पण आमसुलावरच्या विश्वासानं केलं.

आस्थेवाईक : हे मात्र मान्य. ओठ-जीभ सुजली तर बरणीकडे बघायचंसुद्धा नाही, रिक्षा बोलवायची. पण तुम्ही फक्त आज्यांशी वाद घालताय. शास्त्रही आहे ना आमचं? आमसूल म्हणजे ग्रंथांतलं वृक्षाम्ल. चरकानं त्याला हृद्य म्हटलंय, हृदयाला हितकर. आणि हे पनवेल आहे. 1872 साली इथे धूतपापेश्वरचा कारखाना सुरू झाला, आयुर्वेदिक औषधं कारखान्यात बनवायची कल्पना देशात नवी होती तेव्हा. ज्या गावाच्या हवेत दीडशे वर्षं आसवारिष्टांचा वास आहे, तिथे तुम्ही वृक्षाम्लाला ओळखपत्र मागता?

शंकेखोर : मागतो, आणि चरकाकडेच मागतो. चरकाच्या हृद्य गणात दहा द्रव्यं आहेत : आंबा, अंबाडा, लकुच, करवंद, वृक्षाम्ल, अम्लवेतस, दोन जातींची बोरं, डाळिंब आणि महाळुंग. या दहांत काय सारखं आहे? सगळी आंबट फळं. नुसती नावं वाचताना तोंडाला पाणी सुटतं. माझ्या मते इथे हृद्य म्हणजे मनाला रुचणारं, जेवणावरची वासना परत आणणारं. आजच्या 'हार्ट' वाल्या जाहिरातीत तो शब्द उचलून चिकटवायचा, हा चरकावरही अन्याय आहे. आणि भावप्रकाशात तर कच्चं वृक्षाम्ल उष्ण आणि कफपित्त वाढवणारं सांगितलंय. पित्त वाढवणारं, वहिनी! घराघरात आपण ते पित्त शमवायला देतो. ग्रंथाची साक्ष काढायची तर पुरती काढा, हवी तेवढी ओळ कापून नको.

(इथे लेखकाला मध्ये बोलायचा मोह आवरत नाही. चिंचेनं पित्त होतं म्हणून आमटीत आमसूल घालणारी घरं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. दोन्ही आंबट. एकानं पित्त होतं आणि दुसऱ्यानं जातं, हे ठरवणाऱ्या बाईनं भावप्रकाश वाचलेला नव्हता. तिनं आमटी खाऊन बघितली होती.)

आस्थेवाईक : ग्रंथ कच्च्या फळाबद्दल बोलतो आणि आमसूल पिकलेल्या फळाच्या सालीचं, हे तुम्ही सोयीनं विसरलात. पण असू दे. समजा ग्रंथ आणि घर यांच्यात फरक आहे, तर मला त्याची लाज वाटत नाही. घरातल्या बायकांनी ग्रंथ न वाचता स्वतःचं शास्त्र केलं. चिंच दिली, त्रास झाला, आमसूल दिलं, झाला नाही, बदललं. तुमच्या डॉक्टर लोकांना तरी दुसरं काय येतं? फक्त ते वहीत लिहून ठेवतात. आमच्या वह्या नव्हत्या, एवढाच गुन्हा. आणि ज्यांनी वह्या लिहिल्या त्यांनाही काही सापडलंय. रातांब्याच्या सालीत गार्सिनॉल नावाचं द्रव्य आहे. 2004 मध्ये बंगळूरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पेशींच्या आत जनुकं चालू-बंद करणाऱ्या एका प्रथिनाला ते अडवतं. कॅन्सरचे लोक तेव्हापासून त्याच्या मागे आहेत. लाल रंग आहे तो अँथोसायनिनचा, जांभळात असतो त्याच जातीचा. मग काहीच नाही असं कसं म्हणता?

शंकेखोर : काहीच नाही असं मी एकदाही म्हटलं नाही. मी विचारतो, तुमच्या कपात काय उतरलं? गार्सिनॉल तेलकट स्वभावाचं आहे, पाण्यात ते नीट विरघळत नाही. बंगळूरूच्या प्रयोगशाळेत ते शुद्ध करून पेशींवर घातलं. तुम्ही ओट्यावर आमसूल उकळता. अँथोसायनिनचं उलट, ते पाण्यात उतरतं पण उष्णतेनं मोडतं. फार उकळलेलं सार तपकिरी दिसतं ते त्यामुळे.

आस्थेवाईक : तेलकट स्वभावाचं असेल तर सोलकढीत उतरेल. नारळाच्या दुधात तेल असतं, आणि सोलकढी आपण उकळत नाही. बघा, म्हणजे जुन्या बाईनं दोन्ही प्रश्न सोडवलेले आहेत!

शंकेखोर : (हसून) मुद्दा झकास आहे. पण शक्यता आणि मोजमाप यांत अंतर असतं. कढीच्या वाटीत किती उतरलं, त्यातलं आतड्यातून रक्तात किती गेलं, आणि गेलं तेवढ्यानं माणसाला काय फरक पडला, या तीन पायऱ्या राहतातच. पेशी बऱ्या झाल्या म्हणजे माणूस बरा झाला असं असतं, तर उंदरांना आणि काचेच्या बशीला आज एकही रोग उरला नसता.

आता मला ज्याबद्दल बोलायचं होतं तिथे येऊ. पुडीवर 'वजन घटवा' आलं कुठून? तुमच्या आईनं कधी कुणाला वजन घटवायला आमसूल दिलं होतं?

आस्थेवाईक : वजन? आमच्या गावात वजन वाढवायची काळजी असायची. आमसूल तर भूक लागायला द्यायचे.

शंकेखोर : तेच. परंपरेत हा दावा नाहीच. तो आला सातासमुद्रापलीकडून. त्याची गोष्ट ऐका. रातांब्याचा केरळी भाऊ आहे, कुडमपुळी. तिथे माशाच्या कालवणात घालतात. 1965 मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी त्यातलं मुख्य आम्ल ओळखलं, हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल. रातांब्यातही तेच आहे. मग परदेशात दिसलं की शरीर साखरेपासून चरबी बनवतं त्या साखळीतली एक कडी हे आम्ल अडवतं. झालं! 'गार्सिनिया'च्या कॅप्सूल निघाल्या. 1998 मध्ये न्यूयॉर्कमध्ये 135 जाड माणसांवर बारा आठवडे नीट चाचणी झाली. निम्म्यांना रोज दीड ग्रॅम आम्ल, निम्म्यांना खोटी गोळी. आम्लवाल्यांचं वजन सरासरी 3.2 किलो उतरलं, खोट्या गोळीवाल्यांचं 4.1 किलो. म्हणजे दोघांनीही जेवणावर ताबा ठेवला म्हणून दोघेही उतरले. आम्लाचा उपयोग शून्य.

इतपत ठीक होतं. पण मे 2009 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं वजन घटवायच्या 'हायड्रॉक्सीकट' या गोळ्या घेऊ नका असं जाहीर केलं. यकृत बिघडल्याच्या आणि इतर गंभीर त्रासांच्या 23 तक्रारी होत्या, एक मृत्यू होता. त्या गोळ्यांत अनेक वनस्पती होत्या आणि घटक वेळोवेळी बदललेले होते, तेव्हा सगळा दोष एकट्या गार्सिनियावर टाकता येत नाही. पण पुढच्या वर्षांत तिथल्या यकृततज्ज्ञांनी एकेक रुग्ण तपासून गार्सिनियानं कावीळ झाल्याच्या नोंदी केल्या. त्यातल्या अनेकांत एक ठरावीक जनुकीय खूण सापडली. म्हणजे ही इजा प्रमाणावर ठरतेच असं नाही, ती कुणाच्या वाट्याला यायची तेही अंगातच लिहिलेलं असू शकतं.

आस्थेवाईक : पण भाऊजी, ती कॅप्सूल! आमसूल नाही. झाड दुसरं, अर्क काढलेला, भुकेल्या पोटी तीन-तीन वेळा. माझ्या नणंदेनं मागे मागवल्या होत्या तसल्या गोळ्या. मी म्हटलं, बाई गं, त्यापेक्षा सोलकढी पी. तुम्ही कुडमपुळीच्या अर्काचं पाप रातांब्याच्या साराच्या पदरात कसं घालता?

शंकेखोर : मी घालत नाही, पुडी घालते! माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ती पुडी फायदा उसना घेते कॅप्सूलकडून आणि निर्धोकपणा उसना घेते तुमच्या आईच्या बरणीकडून. वजन घटण्याची गोष्ट अर्काची, 'पिढ्यान् पिढ्या' ही गोष्ट आमटीची. दोन वेगळ्या माणसांच्या सह्या एकाच कागदावर. कॅप्सूलचा हिशेब लावायचा तर कॅप्सूलचा धोकाही घ्या. बरणीचा निर्धोकपणा हवा तर फायदाही बरणीएवढाच मागा, की जेवण रुचलं, तहान भागली.

आणि हिशेब फार लांबचा नाही. सुक्या सालीच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हे आम्ल असतं. म्हणजे न्यूयॉर्कचे ते दीड ग्रॅम म्हणजे पंधरा ग्रॅम आमसूल, मूठभर. तुमच्या आमटीत चौघांत मिळून चार-पाच पडतात. तुम्ही स्वतः सकाळी किती उकळता?

आस्थेवाईक : ...सात-आठ. कधी दहा.

शंकेखोर : अनशापोटी?

आस्थेवाईक : अनशापोटी. रोज. गेली दोन वर्षं. गूळ नाही घालत.

शंकेखोर : आई प्यायची असं?

आस्थेवाईक : नाही. आई भाताच्या शेवटी सार घ्यायची, तेही केलं असेल त्या दिवशी. पंगतीत असायचं. आजारी माणसाला वाटीभर. रोज सकाळी उठून आमसूल पिणारं मी गावात कुणी पाहिलं नाही, हे खरं आहे. हे मी मोबाइलवर बघून सुरू केलं. तुम्ही मला कुठे नेताय ते कळतंय. माझा कप हीसुद्धा पुडीच आहे, असंच ना?

शंकेखोर : मी म्हणणार नव्हतो.

आस्थेवाईक : म्हणा की. पण आता माझं ऐका. तुम्ही म्हणता परंपरेची हमी तिच्या रूपाला आणि मापाला बांधलेली. मग कोकम सरबताचं काय? पाकात मुरवलेलं सरबत घरोघर, लग्नाकार्यात आलं ते आमच्या आईच्या पिढीत. साखर स्वस्त झाली तेव्हा. त्याआधी आमच्याकडे तिवळ होतं, आमसुलाचं खारट पाणी, मिरची-कोथिंबीर घातलेलं. आज सरबताला कुणी नवं म्हणत नाही. हळद दुधात घालून प्यायची पद्धत कधीतरी नवीच होती. प्रत्येक पिढी बरणीत हात घालते आणि काहीतरी वेगळं करते. तुमच्या न्यायानं परंपरा म्हणजे संग्रहालयातलं भांडं झालं. ज्यानं पहिल्यांदा वापरलं त्यानंच वापरावं. कुठल्या साली रूप गोठवायचं ते सांगा.

शंकेखोर : ते मला सांगता येत नाही. एवढंच सांगतो की रूप बदललं की हिशेब नवा मांडायचा. सरबताचाच मांडा. पाकात साखर निदान पासष्ट टक्के. पन्नास मिली पाक एका ग्लासात घातला तर तीस ग्रॅमच्या वर साखर पोटात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पन्नास ग्रॅमच्या आत राहायला सांगते, जमलं तर पंचवीस. मधुमेही पाहुण्याला आपण 'चहा नको, सरबत घ्या, थंड असतं' म्हणून ते देतो. तिवळात साखर नव्हती. त्यात मीठ होतं. आगळाच्या रसाला साधारण सहावा-सातवा हिस्सा मीठ पडतं. एका मोठ्या चमच्यात, पंधरा मिलीत, दोन ग्रॅमच्या वर. दिवसाची शिफारस पाच ग्रॅमच्या आतली. शेतात घाम गाळून आलेल्या माणसाला ते मीठ अमृत. सेक्टरमधल्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टनं आलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला तेच मीठ काय?

आस्थेवाईक : म्हणजे फळ तेच, बरणी तीच, माणूस बदलला.

शंकेखोर : माणूस, घाम, भांडं, सगळंच. तांब्या-पितळेची भांडी आपण आमसुलानं घासतो ना? ज्या आम्लानं तांबं चकाकतं, तेच आम्ल सार करताना तांबं विरघळवतं. म्हणून आत कल्हई, म्हणून आगळ चिनी मातीच्या बरणीत. आता 'तांब्याचं पाणी आरोग्यदायी' म्हणून लोक बाटल्या घेतात आणि त्यातच आमसूल भिजत घालतात. दोन चांगल्या गोष्टी एकत्र आणून एक वाईट गोष्ट! आणि आंबट पाणी सकाळभर घोट-घोट घेत बसलं तर दातांवरचं कवच झिजतं, हे कुणालाच सुचत नाही. जळजळणाऱ्या छातीवर आणखी आम्ल ओतल्यावर काहींना बरं वाटतं, काहींचं भडकतं.

आस्थेवाईक : भाऊजी, एक विचारू? तुम्ही सकाळी काय पिता?

शंकेखोर : ग्रीन टी. का?

आस्थेवाईक : तिच्या अर्कानंही यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत म्हणे. वाचलंय मी. त्या रुग्णांतही तीच जनुकीय खूण आढळली, तुम्ही मघाशी सांगितलीत ती.

शंकेखोर : ...हो. पण ते गोळ्यांतल्या अर्काचं. मी कपात पितो, पानं भिजवून.

आस्थेवाईक : अगदी! कपात, पानं भिजवून. चहाच्या कपाला तुम्ही जी सवलत दिलीत ती माझ्या कपाला का नाही? चीन-जपानच्या परंपरेची हमी तुम्हाला नवीन पनवेलात चालते आणि राजापूरची चालत नाही? तुमची पेटी दुकानातून आली, वर छापील अक्षरं होती, म्हणून ती शास्त्रीय. माझी बरणी गावाहून आली म्हणून ती अंधश्रद्धा. शंका घ्यायची तर सगळीकडे सारखी घ्या.

(पेच मोठा आहे. शंकेखोरानं इथे पाणी मागितलं, साधं.)

शंकेखोर : हे लागलं. मान्य करतो की माझी शंका बऱ्याचदा ओळखीच्या वस्तूपाशी थांबते. पण त्यातून तुमचा कप सुटत नाही, माझाही अडकतो. आणि 2020 साल आठवा. आयुष मंत्रालयानं काढा सांगितला, तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी, साधा. आपल्या सोसायटीत त्याचं काय झालं? एकानं दुप्पट केला, दुसऱ्यानं दिवसात चारदा, तिसऱ्यानं कुंपणावरची गुळवेल तोडून आणली. पुढच्या वर्षी मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा छापली. नंतर देशभरातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून 43 जण नोंदवले. मंत्रालयाचं म्हणणं होतं की गुळवेल निर्दोष आहे, लोकांनी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घेतली असावी. कोण बरोबर यावर अजून वाद आहे. पण दोन्ही बाजूंचं ऐकलं तरी सामान्य माणसाला काय कळलं? की वेल ओळखणारा हात आणि माप ठरवणारा हात मध्ये होता, तो निघून गेला.

आस्थेवाईक : तो हात कुणी काढला, हेही बघा. ज्या बाईला वेल ओळखता यायची तिला आपण अडाणी म्हटलं. तिची नात तुमच्या इंग्रजी शाळेत गेली आणि वेल मोबाइलवर बघायला लागली. आता तुम्ही म्हणता, हात नाही म्हणून वेल नको. आमसुलाची माणसांवर मोठी चाचणी कोण करणार? त्याचं पेटंट कुणाला मिळायचं नाही, मग पैसे कोण घालणार? दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 1997 मध्ये 'कोकण अमृता' काढली, पुढे 'कोकण हातीस'. झाडाला फळ किती, याचा अभ्यास झाला. 2016 मध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या फळानं माणसाचं काय होतं हे विचारायला पैसा नाही. आणि पुरावा नाही म्हणून तुम्ही मला गप्प बसवता. पुरावा गोळा करायचा खर्च माझ्या आईनं करायचा होता का?

शंकेखोर : नाही. आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की पुरावा नसणं हे बोलायचं थांबायला कारण नाही, पण पुडीवर छापायचं थांबायला आहे. कायद्यानं सरबत, चहा हे अन्न. अन्नानं रोग बरा करायचा दावा करायचा नाही. आणि नोंदीचं म्हणाल, तर एक खर्च आपणच करू शकतो, फुकट. डॉक्टर विचारतात 'कुठली औषधं चालू?' आणि आपण म्हणतो 'काही नाही'. रोज दहा आमसुलं हे 'काही नाही' कसं? त्रास झाला तर कागदावर यायचं नाही, फायदा झाला तरी यायचं नाही. आमसुलावर अन्याय होतो तो इथे.

आस्थेवाईक : सांगेन. पुढच्या वेळी सांगेन, आणि डॉक्टर हसले तर तुमचं नाव सांगेन. सकाळचा कपही जेवणानंतर नेते. दहाची चार करते. पण बंद करणार नाही. मला त्यानं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यातलं किती आमसुलाचं आणि किती आईचं, हे मला वेगळं करायचं नाही.

शंकेखोर : करूही नका. बरणीतल्या मिठाचं तेवढं बघा. यंदा किती घातलं होतं?

आस्थेवाईक : मोजलं नाही. आईनं सांगितलं होतं तसंच, शेराला तीन मुठी.

शंकेखोर : कुणाच्या मुठी?

आस्थेवाईक : माझ्या. आईचा हात माझ्यापेक्षा बराच लहान होता.